क्रूगरमध्ये स्वतः गाडी चालवून सफारी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ताडोब्याला किंवा पेंचला जाऊन आलेल्या माणसाच्या डोक्यात सफारीचे एक पक्के चित्र असते: पहाटे गेटवर लागलेली जिप्सींची रांग, सोबतीला गाईड, आणि ठरलेली वेळ संपत आली की परत फिरण्याची घाई. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात मात्र भाड्याची साधी मोटार घेऊन तुम्ही स्वतः आत शिरू शकता, हव्या त्या खुल्या रस्त्याला वळू शकता आणि एखाद्या पाणवठ्यापाशी चार तास बसलात तरी तुम्हाला कोणी उठवत नाही. हे स्वातंत्र्य मोठे आहे. पण गाईड सोबत नसल्यामुळे नियोजनाची आणि सावधगिरीची सगळी जबाबदारीही आपल्यावरच येते. मी दोनदा जाऊन आलो आहे. पहिल्या खेपेस केलेल्या चुका दुसऱ्या खेपेस टाळता आल्या, म्हणून हे सारे क्रमवार लिहीत आहे.

१. आधी आकाराचा अंदाज घ्या

क्रूगरचे क्षेत्रफळ सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही अधिक. उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पूर्वेला मोझांबिक आणि उत्तरेला झिम्बाब्वे. १८९८ साली साबी अभयारण्य म्हणून सुरुवात झालेल्या या जंगलाला १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि १९२७ मध्ये पर्यटकांना प्रवेश खुला झाला तेव्हा वर्षभरात तीनच मोटारी आल्या होत्या. आज आत डांबरी आणि कच्च्या रस्त्यांचे मोठे जाळे आहे. मुख्य रस्त्यांना ‘एच’ आणि आडवाटांना ‘एस’ हे अक्षर व पुढे क्रमांक असतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याची सर्वांत मोठी चूक इथेच होते. नकाशावर स्कुकुझा ते सतारा या मुक्कामाच्या दोन कॅम्पमधले अंतर ९३ किलोमीटर दिसते आणि आपण पुणे-लोणावळ्याच्या हिशेबाने दीड-दोन तास धरतो. प्रत्यक्षात डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असते, आणि थांबत-पाहत जाताना सरासरी वेग ताशी २०-२५ च्या वर जात नाही. त्यामुळे एवढ्या प्रवासाला अर्धा दिवस राखून ठेवावा. पहिल्या वेळी मी पाच रात्रींत चार कॅम्प बसवले होते. त्या सहलीतून गाडीचे स्टिअरिंगच अधिक आठवते. पाच रात्री असतील तर दोनच कॅम्प घ्यावेत आणि उद्यानाच्या दक्षिण व मध्य भागापुरते समाधान मानावे. उत्तर भाग सुंदर आणि निवांत आहे, पण तो दुसऱ्या वेळी.

२. ऋतू निवडा

तिथले ऋतू आपल्या उलट. मे ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा. गवत वाळून खाली बसते, झाडांची पाने झडतात, लहान पाणवठे आटतात आणि प्राणी उरलेल्या पाण्याकडे येतात. पहिल्या सफारीसाठी हाच काळ उत्तम. आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी त्याच्या आरंभाशी जुळते, हा मोठाच फायदा आहे. दिवसा हवा सुखद असली तरी पहाटे चांगलीच बोचरी थंडी पडते, त्यामुळे ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ असे समजून स्वेटर घरी ठेवू नये. जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत तिथल्या शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा कॅम्प भरलेले असतात.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर पावसाळ्याच्या तोंडावर पोहोचाल. उकाडा, वाढत जाणारे गवत, मलेरियाचा अधिक धोका; पण स्थलांतरित पक्षी आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मणारी इम्पाला हरणांची पिल्ले याच दिवसांत पाहायला मिळतात. पक्षीनिरीक्षकांनी तिथला हा पावसाळी उन्हाळाच निवडावा, असे माझे मत आहे.

३. मुक्कामाचे आरक्षण सर्वांत आधी करा

उद्यानातील कॅम्प दक्षिण आफ्रिकेची राष्ट्रीय उद्यान संस्था, म्हणजे सॅनपार्क्स, चालवते आणि आरक्षण तिच्याच अधिकृत संकेतस्थळावर होते. नदीकाठचे बंगले कित्येक महिने आधी संपतात, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी मुक्कामाच्या तारखा पाहाव्यात. उद्यानाच्या कुंपणाबाहेर स्वस्त हॉटेले मिळतात, परंतु तिथे राहिल्यास रोज पहाटेचा मोलाचा तास गेटच्या रांगेत जातो. पहिल्यांदा जाणाऱ्याने आतच राहावे.

मी सुचवेन तो मार्ग असा: क्रोकोडाइल ब्रिज गेटने आत येऊन ३४ किलोमीटरवरील लोअर साबी येथे दोन रात्री, तिथून सतारा येथे तीन रात्री, आणि ओरपेन गेटने बाहेर. लोअर साबी नदीकाठी आहे आणि तिथून स्कुकुझाकडे जाणारा ४३ किलोमीटरचा एच ४-१ हा रस्ता बराचसा साबी नदीला धरून जातो. बिबट्यासाठी तो प्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच गर्दीचाही. सतारा गवताळ मैदानात आहे. उद्यानाचा पश्चिम भाग ग्रॅनाइटचा, तर पूर्व भाग आपल्या दख्खनसारखाच बेसॉल्टचा. त्या काळ्या कसदार मातीत चांगला चारा उगवतो, चाऱ्यामागे झेब्रे आणि विल्डबीस्ट येतात आणि त्यांच्यामागे सिंह.

खोली निवडताना वर्णन शब्दन् शब्द वाचा. ‘हट’ म्हटल्या जाणाऱ्या काही खोल्यांना स्वतंत्र न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर नसते, तर ‘बंगला’ आणि ‘कॉटेज’ यांत बहुधा ते असते. भांडी आहेत का, हेही तिथेच लिहिलेले असते. शाकाहारी मंडळींसाठी हा तपशील फार महत्त्वाचा आहे.

मुक्कामाच्या भाड्याखेरीज प्रत्येक माणसामागे दररोजचे संवर्धन शुल्क भरावे लागते आणि परदेशी पाहुण्यांसाठी ते स्थानिकांच्या कितीतरी पट असते. मुक्काम आठवड्याच्या पुढे जाणार असेल, तर ‘वाइल्ड कार्ड’ हे वर्षभराचे सभासदत्व स्वस्त पडते का, याचा हिशेब करून पाहावा.

४. कागदपत्रे

भारतीय पारपत्रधारकांना दक्षिण आफ्रिकेसाठी आधीच व्हिसा घ्यावा लागतो. तिथले नियम आणि अर्जाची पद्धत बदलत असते, म्हणून दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरील यादीच प्रमाण मानावी आणि प्रवासाच्या किमान दोन महिने आधी तयारीला लागावे. माझ्या फाईलमध्ये पुढील कागद होते:

- कोऱ्या पानांसह पारपत्र, परतीच्या तारखेनंतर पुरेशी मुदत शिल्लक असलेले
- जाण्या-येण्याचे विमान आरक्षण आणि कॅम्पच्या आरक्षणाची पावती
- बँकेचे अलीकडचे खातेउतारे आणि प्राप्तिकर विवरणपत्रे
- नोकरीच्या ठिकाणचे रजापत्र
- प्रवासविमा
- मुले सोबत असल्यास आईवडील दोघांची नावे असलेला इंग्रजी जन्मदाखला; मुलाबरोबर एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचे संमतिपत्रही
- वाहन परवाना आणि आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना

पीतज्वराच्या लसीबाबत बरेच प्रवासी फसतात. दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या देशांत मोडत नाही, पण मुंबईहून जाताना विमान नैरोबी किंवा आदिस अबाबा येथे बदलत असेल, तर केनिया आणि इथिओपिया त्या यादीत येतात. तिथे १२ तासांहून अधिक थांबणाऱ्यांना दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते, आणि परतताना भारतातील विमानतळावरील आरोग्य अधिकारीही त्याची चौकशी करू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि दाखला लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो. या मार्गाने जाणाऱ्याने वाद न घालता लस घ्यावी; दुबईमार्गे जाणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही.

५. मलेरियाविषयी डॉक्टरांशी बोला

क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या, हे वय, इतर आजार आणि गर्भारपण पाहून डॉक्टरच ठरवतात. काही गोळ्या प्रवासाच्या आधीपासून सुरू करून परतल्यावरही काही आठवडे घ्याव्या लागतात, म्हणून ही भेट आयत्या वेळेवर ठेवू नये. संध्याकाळनंतर लांब बाह्यांचे कपडे आणि डास दूर ठेवणारे मलम गोळ्या घेतल्या तरीही आवश्यकच आहेत.

६. गाडी घ्या आणि उजेडात पोहोचा

जोहान्सबर्गच्या विमानतळावरून उद्यानाची दक्षिणेकडील गेटे चारशे किलोमीटरच्या आसपास आहेत. एन ४ या टोल असलेल्या उत्तम महामार्गाने पाच-सहा तास लागतात. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे सराव व्हायला वेळ लागत नाही. विमान दुपारनंतर उतरत असेल तर ती रात्र जोहान्सबर्गमध्येच काढून पहाटे निघावे. अंधारात अनोळखी रस्त्यावर गाडी चालवू नये, फोनने सुचवलेल्या आडवाटेपेक्षा मोठा रस्ता पत्करावा, आणि वाटेत थांबताना सीटवर बॅग दिसेल अशी ठेवू नये.

फोर-बाय-फोर गाडीची गरज नाही. उद्यानातील बहुतेक रस्त्यांवर साधी मोटार चालते. उंच गाडीतून गवतापलीकडचे दिसते, एवढाच फरक. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड अनामत रक्कम राखून ठेवण्यासाठी लागते, ही गोष्ट मात्र घट्ट लक्षात ठेवा. माझ्या पहिल्या खेपेस आरक्षण माझ्या नावावर आणि क्रेडिट कार्ड पत्नीच्या नावावर होते. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे मान हलवली, आणि सगळे कागद तिच्या नावाने नव्याने होईपर्यंत दीड तास गेला. त्या दिवशी आम्ही गेट बंद होण्याच्या अकरा मिनिटे आधी आत शिरलो.

विजेच्या प्लगसाठी एक सोपी युक्ती: दक्षिण आफ्रिकेतील जुन्या पद्धतीचे मोठ्या तीन गोल छिद्रांचे सॉकेट आपल्या गीझरच्या पॉवर प्लगला चालते. घरून पॉवर प्लग लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेला की सर्वांचे चार्जर एकाच वेळी लागतात.

७. गेटच्या वेळा आणि नियम

उद्यानाची आणि कॅम्पची गेटे सूर्याप्रमाणे उघडतात व मिटतात, आणि वेळा महिन्यागणिक बदलतात. मे ते जुलै या काळात ती सकाळी सहाला उघडून संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. उशीर झाल्यास दंड होतो. ‘वाटेत सिंह होता’ ही सबब तिथल्या कर्मचाऱ्यांनी हजारदा ऐकलेली असते. त्या दिवसाच्या वेळा आरक्षणाच्या पावतीवर पाहून घ्या आणि परतीला हिशेबापेक्षा तासभर जास्त ठेवा.

आत असताना ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही. खिडकीतून अर्धे शरीर बाहेर काढणे, छतातून उभे राहणे, रस्ता सोडून गवतात गाडी घालणे, प्राण्यांना खाऊ देणे आणि ड्रोन उडवणे या सगळ्यांना बंदी आहे. गाडी ही प्राण्यांना एक मोठी, निरुपद्रवी वस्तू वाटते. तिच्यातून माणसाची आकृती वेगळी झाली की तो समज संपतो. उतरायला परवानगी असलेली सहलस्थळे आणि पक्षी पाहण्याच्या झोपड्या नकाशावर दाखवलेल्या असतात. हा कागदी नकाशा कॅम्पच्या दुकानात मिळतो आणि तो घ्यावाच, कारण फोनला सर्वत्र रेंज नसते. स्कुकुझाजवळची लेक पॅनिक ही झोपडी चुकवू नका.

८. प्राणी शोधायचे कसे

येथे जरा सविस्तर लिहितो, कारण गाईड नसल्यामुळे नवखा माणूस नेमका याच ठिकाणी गोंधळतो.

गेट उघडताच निघा आणि पहिले दोन तास अगदी हळू, ताशी २०-२५ च्या वेगाने चाला. नजर झाडांच्या पुढे न ठेवता झाडांच्या आरपार ठेवण्याची सवय लावा. आपण अख्खा प्राणी शोधत असतो, पण दिसते ते कानाचे टोक, शेपटीची हालचाल किंवा झाडीत न शोभणारी एक आडवी रेघ. उभ्या बुंध्यांच्या जंगलात आडवी रेघ म्हणजे बहुधा कोणाची तरी पाठ असते. गाडीतल्यांनी बाजू वाटून घ्याव्यात, आणि चालकाने रस्ताच पाहावा.

ताडोब्यात चितळाचा किंवा वानराचा ‘कॉल’ ऐकून गाईड गाडी वळवतो, तीच विद्या इथेही चालते. चितळाच्या जागी इम्पाला असतो आणि घाबरल्यावर तो नाकातून जोराने फुरफुरतो. जिराफ तर उंच मनोऱ्यावरचा पहारेकरीच. साताऱ्याशी नावाचेच साम्य असलेल्या सताराजवळच्या एस १०० या कच्च्या रस्त्यावर एका सकाळी तीन जिराफ पाला खायचे सोडून एकाच दिशेला टक लावून उभे होते. मागून आलेल्या दोन गाड्या ‘जिराफच तर आहेत’ म्हणून पुढे गेल्या. आम्ही इंजिन बंद केले. पंचवीस मिनिटे काहीच घडले नाही. मग जिराफ पाहत होते त्या गवतात एक पिवळट कान हलला, आणि पाठोपाठ चार सिंहिणी एकेक करून उठल्या, आळस देत रस्त्यावर आल्या आणि आमच्या बंपरला जवळजवळ घासून पलीकडे गेल्या. इंजिन बंद असल्यामुळे त्यांच्या पंजाखाली वाळू करकरल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

तेव्हा दिवसभर फिरण्यापेक्षा थांबणे शिका. दुपारच्या उन्हात प्राणी सावलीला जातात, त्या वेळी पाणवठा धरावा. लोअर साबीजवळचे सनसेट डॅम रस्त्याला इतके लागून आहे की पाणघोडे आणि मगरी गाडीतूनच निवांत पाहता येतात.

‘बिग फाइव्ह’ म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानम्हैस. ही यादी पायी शिकार करायला सर्वांत धोक्याचे प्राणी म्हणून शिकाऱ्यांनी केली होती, त्यामुळे ती पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. आफ्रिकी रानकुत्र्यांची टोळी दिसणे माझ्या दृष्टीने सिंहापेक्षा मोठे भाग्य आहे. चित्ताही इथे मोकळ्या गवतात दिसू शकतो. २०२३ मध्ये कुनोत आलेले १२ चित्ते दक्षिण आफ्रिकेतूनच आले होते.

कॅम्पच्या स्वागतकक्षाजवळ त्या दिवशी काय कुठे दिसले याचा फलक असतो. संध्याकाळी तो पाहून दुसऱ्या दिवसाचा बेत करावा. गेंड्याची नोंद मात्र त्यावर नसते, कारण शिकारचोरांना आयती माहिती मिळू नये. आपणही गेंड्याचे छायाचित्र टाकताना ठिकाण लिहू नये आणि फोनमधील स्थळनोंद बंद ठेवावी.

दुर्बीण कॅमेऱ्याइतकीच गरजेची आहे, आणि प्रत्येकाला वेगळी असावी. एकाच दुर्बिणीवरून आमच्या घरात झालेली भांडणे इथे सांगत नाही. लेन्स खिडकीवर टेकवण्यासाठी रिकामी कापडी पिशवी न्यावी आणि तिथे विकत घेतलेल्या तांदळाने भरावी. शेवटच्या रात्री आम्ही त्याच तांदळाची खिचडी केली.

९. हत्ती समोर आल्यास

देवळातला किंवा मिरवणुकीतला हत्ती डोळ्यांसमोर असल्यामुळे आपण हत्तीला नको तितके जवळचे समजतो. क्रूगरमध्ये मला खरी भीती वाटली ती हत्तीचीच. कळप रस्ता ओलांडत असेल तर दूर थांबा, आणि पिल्लू व आई यांच्या मध्ये गाडी कधीही घालू नका. हत्तीने कान पसरून तोंड तुमच्याकडे वळवले, डोके झटकले किंवा सोंड उगारली, तर ती सूचना आहे. हॉर्न न वाजवता सावकाश मागे या. डोळे आणि कान यांच्यामधून ओघळ वाहत असलेला एकटा नर मस्तीत, म्हणजे माजावर, असू शकतो, त्याला शंभर मीटर द्यावेत. याच कारणासाठी गाडी थांबवताना मागे निघायला वाट आहे ना, हे आधी बघावे आणि दोन गाड्यांच्या मध्ये अडकून घेऊ नये.

१०. जेवण आणि माकडे

मोठ्या कॅम्पमध्ये उपाहारगृह, दुकान आणि पेट्रोलपंप असतात, पण पदार्थ बहुतांशी मांसाहारी. शाकाहाऱ्यांनी उद्यानाबाहेरील मोठ्या दुकानातून भाजी, तांदूळ आणि डाळ घेऊन यावी. घरून फक्त बंद पाकिटातील मसाले आणि कोरडे पदार्थ न्यावेत, कारण मांस, दुधाचे पदार्थ, बियाणे आणि ताजी फळे यांवर तिथल्या विमानतळावर निर्बंध आहेत. पहाटे सहाला निघायचे म्हणजे नाश्ता डब्यातच हवा.

अनेक बंगल्यांत फ्रीज आणि ओटा बाहेर पडवीत असतात, आणि व्हर्वेट माकडे व बबून हे तिथले अधिकृत नसलेले रहिवासी आहेत. फ्रीजच्या दाराला कडी किंवा जाळी का लावलेली आहे, असा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडला होता. उत्तर दहा मिनिटांत मिळाले: मी चहाचे पाणी ठेवायला वळलो आणि एक माकड केळ्यांचा घड, पावाची लादी आणि पोह्यांची फोडलेली पुडी अशा दोन फेऱ्या करून छपरावर जाऊन बसले. पोहे त्याला आवडले नाहीत. ते त्याने आमच्याच गाडीवर उधळले. कडी प्रत्येक वेळी लावा.

११. एक तरी सफारी त्यांच्या गाडीतून करा

सूर्यास्तानंतर खासगी गाड्यांना फिरता येत नाही, पण कॅम्पच्या उघड्या गाड्या गाईडसह जातात. तरस, घुबडे आणि निशाचर प्राणी पाहण्याचा तोच मार्ग आहे. सशस्त्र वनरक्षकांबरोबर पायी फेरीही असते. दोन्हींसाठी वयाच्या अटी आहेत. अगदी लहान मुलांना घेत नाहीत. आरक्षण आधी करावे आणि हिवाळ्यात कानटोपी व शाल सोबत ठेवावी.

१२. बाहेर पडताना आणि घरी आल्यावर

प्रवेशाच्या वेळी मिळालेला परवाना शेवटपर्यंत जपून ठेवा. बाहेर पडताना तो दाखवावा लागतो आणि गाडीची डिकीही तपासली जाऊ शकते. पिसे, शिंगे, हाडे असे काहीही आठवण म्हणून उचलू नका. परत आल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या मलेरियाच्या गोळ्या पूर्ण संपवा, आणि पुढच्या काही महिन्यांत केव्हाही ताप आला, तर ‘मी मलेरियाच्या भागात, आफ्रिकेत जाऊन आलो आहे’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.